पांढऱ्या वाटा, दोन प्रकारची माती: टस्कनीत सायकलवर चार दिवस

इटलीतल्या सिएना शहराच्या उत्तरेला जमीन खडकाळ आहे आणि आग्नेयेला निव्वळ चिकणमाती. चार दिवसांच्या या फेरीत टायरमध्ये हवा किती ठेवायची, कुठला उतार जपून उतरायचा, पाऊस आल्यावर पुढे जायचं की थांबायचं, हे सगळं या मातीवरच ठरत गेलं. इथल्या वाईनचंही तसंच आहे. म्हणून या वर्णनात किल्ल्यांपेक्षा मातीबद्दल जास्त लिहिलं आहे.

मार्ग आखीव आहे. १९९७ साली गायोले इन किआंती या गावातून ९२ सायकलस्वार जुन्या पोलादी सायकली घेऊन निघाले आणि 'लेरोइका' ही सायकलफेरी सुरू झाली. स्त्रादे बियांके, म्हणजे खडीच्या पांढऱ्या वाटा, एकामागून एक डांबराखाली चालल्या होत्या. त्या वाचवणं हा मूळ हेतू. आज दर ऑक्टोबरात हजारो लोक तिथे १९८७च्या आधीच्या बनावटीच्या सायकली चालवतात. त्याच वाटांवर २०९ किलोमीटरचा कायमचा मार्ग आखलेला आहे आणि त्यावर तपकिरी पाट्या लावल्या आहेत. तो वर्षभर कुणालाही, कुठल्याही सायकलने करता येतो. निम्म्याच्या आसपास रस्ता कच्चा आहे आणि एकूण चढ साडेतीन हजार मीटरच्या वर जातो. धट्टेकट्टे लोक तो एका दिवसात संपवतात. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, द्राक्षांची तोडणी चालू असताना, तो चार दिवसांत करण्यात जी मजा आहे ती त्यांच्या वाट्याला येत नाही.

दिवस पहिला: गायोले ते मुर्लो

सकाळी सातला गायोलेच्या चौकात धुकं होतं आणि बोटं गार पडत होती. दहापर्यंत अंगातलं जाकीट पिशवीत गेलं. सप्टेंबरअखेर इथे असंच चालतं, त्यामुळे जाड कपड्यांपेक्षा काढता येतील अशा बाह्या आणि पातळ वारारोधक जाकीट उपयोगी पडतं.

सुरुवातीचं डांबर संपलं की ब्रोलिओच्या किल्ल्याचा चढ लागतो. दोन्ही बाजूंना सुरूची झाडं आणि मधून पांढरी वाट. लेरोइकाच्या दिवशी पहाटे अंधारात इथे दिवे लावतात. हा किल्ला रिकासोली घराण्याचा. त्यांच्यातले बेत्तिनो रिकासोली इटलीचे दुसरे पंतप्रधान झाले आणि १८७२ साली एका पत्रात त्यांनी किआंती वाईनचं मिश्रण लिहून ठेवलं: मुख्य द्राक्ष सांजोवेसे, मऊपणासाठी कानायोलो, आणि लवकर प्यायच्या वाईनमध्ये थोडी पांढरी मालवाझिया. किआंती क्लासिको, म्हणजे किआंतीच्या जुन्या पट्ट्यातल्या वाईनमध्ये, २००६पासून पांढरी द्राक्षं चालत नाहीत आणि सांजोवेसे किमान ८० टक्के लागतं. बाटलीच्या मानेवर काळा कोंबडा दिसला की ती वाईन याच पट्ट्यातली. १७१६ साली टस्कनीचा शासक तिसरा कोसिमो याने फर्मान काढून या पट्ट्याची हद्द पहिल्यांदा ठरवली होती.

चढावर घाई न करता खाली पाहावं. वाटेत दोन प्रकारचे दगड दिसतात. एक आल्बेरेझे, म्हणजे फिकट रंगाचा कठीण चुनखडक. दुसरा गालेस्त्रो. हा आपल्या मुरमासारखा पापुद्र्यांचा. चिमटीत दाबला तर तुकडे पडतात. द्राक्षाच्या बांधावर उतरून मूठभर उचलून पाहिला. वरचे पापुद्रे कोरडे खडखडीत आणि बोटभर खाली ओल. पाणी इथे थांबत नाही, खाली जातं, आणि त्याच्या मागे वेलीची मुळंही खोल जातात. रस्त्यालाही हाच गुण लागू आहे. रात्री पाऊस झाला तरी किआंतीतली वाट सकाळी दोन-चार तासांत सायकल चालवण्याजोगी होते. धोका आहे तो सुटलेल्या खडीचा. गाड्या वळताना खडी वळणाच्या बाहेरच्या कडेला ढकलतात आणि तिथे तिचा ढीग साचतो. चाकांनी घासून कडक झालेला पट्टा धरायचा, ब्रेक वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना लावायचा आणि वळणात मोकळा सोडायचा. पुढचा ब्रेक खडीवर तिरप्या सायकलवर धरला की चाक निसटतं. इथल्या पडापडीचं सर्वांत नेहमीचं कारण हेच आहे.

ब्रोलिओनंतरच्या मळ्यांत तोडणी जोरात होती. बायका-पुरुष समोरासमोर उभे, मध्ये वेलींची एक ओळ, हातात छोट्या कात्र्या. डाव्या हाताने घोस खालून धरायचा, उजव्या हाताने देठ छाटायचा, सडका मणी दिसला तर तिथल्या तिथे काढून टाकायचा आणि घोस अलगद क्रेटमध्ये ठेवायचा. फेकायचा नाही, कारण फुटलेलं द्राक्ष उन्हात तासाभरात आंबू लागतं. सायकली थांबलेल्या पाहून ओळीतल्या एका आजोबांनी मूठभर मणी पुढे केले. वाईनचं द्राक्ष खायच्या द्राक्षासारखं नसतं: मणी लहान, साल जाड, बिया मोठ्या. आधी गोड लागतं आणि मग साल चावली की जीभ कोरडी पडते. तो कोरडेपणाच पुढे वाईनमध्ये उतरतो.

तोडणीच्या दिवसांत ट्रॅक्टर आणि त्यामागच्या ट्रॉल्या सतत ये-जा करतात. पांढऱ्या वाटेवर समोरून गाडी आली तर वारा ज्या बाजूने येतो त्या कडेला थांबावं, म्हणजे धूळ पलीकडे जाते. ट्रॉलीतून गळलेला रस डांबरी वळणावर चिकट आणि निसरडा होतो, तेही लक्षात असू द्यावं.

पियानेल्ला ओलांडून सिएनाच्या कडेने जाताना रहदारी लागते. तेवढा भाग निमूट उरकावा. शहर पाहायचं असेल तर एक मुक्काम वेगळा ठेवावा. रादीनंतर पुन्हा शांतता आणि झाडी सुरू होते. मुर्लोपर्यंतचे अंतर साठच्या आसपास भरतं. मुर्लो म्हणजे तटबंदीतलं मूठभर गाव. तिथल्या छोट्या संग्रहालयात एत्रुस्कन, म्हणजे रोमनांच्या आधीच्या लोकांच्या काळातला, रुंद काठाची टोपी घातलेल्या माणसाचा मातीचा पुतळा आहे. तो पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

*सायकलबद्दल, निघण्यापूर्वी:* टायर ४० मिलिमीटर, ट्यूबलेस, मधोमध गुळगुळीत आणि कडेला दाणे असलेले. ७५ किलोच्या स्वारासाठी आणि हलक्या सामानासाठी हवेचा दाब पुढे २८ ते ३० पीएसआय, मागे ३२ ते ३४. पिशव्या जड असतील तर मागे दोन पीएसआय वाढवावेत. यापेक्षा जास्त हवा भरली की चाक दगडांवर उडतं आणि चढावर मागचं चाक फिरत राहतं. सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारा द्रव, प्रत्येक टायरात ६० ते ८० मिलिलिटर, आणि ते जुनं असेल तर निघण्याच्या आदल्या आठवड्यात नवं. दोन-तीन महिन्यांत ते वाळून रबराचे गोळे होतात. मागची सर्वांत मोठी दातेरी चकती पुढच्या लहान चकतीपेक्षा मोठी हवी: पुढे ३० दाते असतील तर मागे ३४, पुढे एकच ४० असेल तर मागे निदान ४४. पंधरा टक्के चढाच्या खडीवर उभं राहून पेडल मारलं की मागच्या चाकावरचं वजन जातं आणि ते घसरतं. बसूनच, जरा पुढे सरकून, छाती हँडलकडे झुकवून, हलक्या गियरवर एकसारखं फिरवावं लागतं. म्हणून गियर हलका हवाच.

दिवस दुसरा: मुर्लो ते मोन्ताल्चिनो

सर्वांत कमी अंतराचा दिवस आणि सर्वांत लांब चढाचा. मुर्लोच्या आसपासचं जंगल ओक आणि ओकसारख्या सदाहरित झाडांचं आहे. पहाटे रानडुकरांनी उकरलेल्या कडा ताज्या दिसत होत्या. सप्टेंबरपासून शिकारीचा हंगाम सुरू होतो. इटलीत मंगळवारी आणि शुक्रवारी शिकारीला बंदी असते. बाकीच्या दिवशी या झाडीतून जाताना भडक रंगाचा जर्सी घालावा आणि वाट सोडून आत शिरू नये.

ओम्ब्रोने नदीच्या खोऱ्यातून बिब्यानो आणि मग कास्तिल्योन देल बोस्कोचा चढ. खोरं समुद्रसपाटीपासून दीडेकशे मीटरवर, तर मोन्ताल्चिनो गाव ५६४ मीटरवर. मध्ये थोडा श्वास घ्यायला जागा मिळते, पण बहुतेक वाट खडीची आणि वर वर जाणारी. पाणी खोऱ्यातच भरून घ्यावं. दोन बाटल्या पुऱ्या. गावातल्या नळावर 'आक्वा पोताबिले' लिहिलेलं असेल तर ते पिण्याचं, 'नोन पोताबिले' असेल तर नाही. गाव लागत नसेल तर दफनभूमी शोधावी. तिच्या फाटकाशी फुलांना पाणी घालण्यासाठी नळ असतोच, पण तिथेही पाटी वाचून मगच बाटली भरावी.

चढ संपल्यावर समोर ब्रुनेल्लोचे मळे. ब्रुनेल्लो दि मोन्ताल्चिनोमध्ये शंभर टक्के सांजोवेसे लागतं, दुसऱ्या द्राक्षाचा एक थेंब चालत नाही. तोडणीनंतरच्या पाचव्या वर्षीच्या १ जानेवारीआधी ती विकता येत नाही आणि त्यातली निदान दोन वर्षं लाकडी पिंपात जातात. तोवर मळेवाल्याने काय करायचं, याचं उत्तर म्हणजे रोस्सो दि मोन्ताल्चिनो. तेच द्राक्ष, पण वर्षभरात बाजारात. माझ्या मते सायकल चालवून आलेल्या माणसाला रोस्सोच जास्त भावते. ब्रुनेल्लो बसून, जेवणाबरोबर, वेळ देऊन प्यायची गोष्ट आहे.

चव घेण्याच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. इटलीत वाहन चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरमागे ०.५ ग्रॅम आहे आणि सायकलही वाहनच धरतात. तीन-चार ग्लासांची चव घ्यायची असेल तर ती मुक्कामाच्या गावात, सायकल आत ठेवल्यावर. वाटेत घ्यायचीच झाली तर टेबलावर थुंकण्याचं भांडं असतं, ते वापरणं तिथे अजिबात उद्धटपणाचं मानत नाहीत; वाईन बनवणारेही तेच करतात.

मोन्ताल्चिनोचा किल्ला १३६१चा. फ्लोरेन्सने सिएना घेतल्यावर तिथल्या प्रजासत्ताकाची शेवटची माणसं या डोंगरावर १५५९पर्यंत टिकून होती. तटावरून उद्याचा सगळा रस्ता दिसतो: हिरवं संपतं आणि राखाडी टेकड्यांच्या लाटा सुरू होतात.

जेवणाचं थोडं सविस्तर. इथला पाव बिनमिठाचा असतो. खारवलेल्या मांसाबरोबर आणि चीजबरोबर तो छान लागतो, पण दिवसभर घाम गाळणाऱ्याला मीठ कमी पडतं आणि तिसऱ्या दिवशी पोटऱ्यांत गोळे येतात. बाटलीत क्षार टाकावेत किंवा सकाळी बेकरीतून मीठ आणि तेल लावलेला चपटा पाव, म्हणजे स्क्याच्याता, घ्यावी. खिशात मावते आणि मऊ राहते. तोडणीच्या दिवसांत तिचाच गोड भाऊ मिळतो, काळी द्राक्षं बियांसकट भाजलेला. बिया दाताखाली कडाकडा फुटतात. शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही. पीची म्हणजे हाताने वळलेल्या जाड शेवया, नुसतं पीठ आणि पाणी. त्या आल्योने, म्हणजे मोठ्या सौम्य लसणाच्या आणि टोमॅटोच्या रश्शात मागाव्यात. रिबोलिता हा शिळा पाव, काळी कोबी आणि पांढऱ्या घेवड्याचा घट्ट सार, दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळलेला. मात्र त्यात डुकराची चरबी घातली आहे का ते विचारून घ्यावं. पेकोरिनो चीजमध्ये बहुधा प्राण्यांच्या पोटातलं विरजण असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी तेही विचारावं. आणि दुपारी एक ते चार दुकानं बंद. या तीन तासांचं खाणं सकाळीच पिशवीत हवं.

दिवस तिसरा: मोन्ताल्चिनो ते आशानो

डांबरावरून तोर्रेनिएरीपर्यंत थंड, लांब उतार. तिथे पाठीवर पिशव्या घेतलेले चालणारे लोक भेटू लागले. वाट व्हिआ फ्रांचिजेना या रोमच्या जुन्या यात्रामार्गाला छेदते: कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक ९९०च्या सुमारास रोमहून याच वाटेने परतला आणि त्याने मुक्कामांची यादी लिहून ठेवली, त्यात तोर्रेनिएरीचं नाव आहे. चालणाऱ्यांना मागून घंटा वाजवून, वेग कमी करून ओलांडावं. खडीवर सायकलचा आवाज जवळ येईपर्यंत कळत नाही.

इथून जमीन बदलते. क्रेते सेनेसी हा काही दशलक्ष वर्षांपूर्वीच्या समुद्राचा तळ आहे. नांगरलेल्या ढेकळांत शिंपले सापडतात. द्राक्ष जवळजवळ नाहीसं होतं, कारण या मातीत पाणी मुरत नाही. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते. तिथे गहू, चारा आणि मेंढ्या. लुचिन्यानो द'आस्सोचा ११.९ किलोमीटरचा आणि पिएवे आ साल्तीचा ८ किलोमीटरचा तुकडा 'स्त्रादे बियांके' याच नावाच्या व्यावसायिक सायकल शर्यतीमुळे प्रसिद्ध झाले. कोरड्या हवेत ते स्वर्ग आहेत. कडक, जलद, टेकडीच्या धारेवरून जाणारी वाट आणि दोन्हीकडे नुसता उतार.

पिएवे आ साल्तीच्या अलीकडे ढग भरून आले आणि अर्धा तास पाऊस झाला. पहिली दहा मिनिटं काही होत नाही. मग वरचा थर ओला होतो आणि टायर तो उचलू लागतो. राखाडी चिखल टायरवर चढतो, त्याला खडी चिकटते, आणि चाक प्रत्येक फेरीत जाड होत जातं. पेडलखालच्या दोन दांड्यांच्या बेचक्यात तो आधी दाटतो, मग पुढच्या फोर्कमध्ये. जोर लावून तसंच पुढे रेटणं ही मोठी चूक, कारण मागचं गियर चिखलासकट आत खेचलं जाऊन हँगर, म्हणजे ते गियर चौकटीला जोडणारा धातूचा तुकडा, वाकतो किंवा तुटतो. उपाय साधा आहे: उतरायचं, वाटेच्या मधल्या गवतावरून ढकलायचं, आणि काडीने किंवा टायर काढायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीने बेचका मोकळा करायचा. पाण्याने धुवायला गेलं तर माती पसरते आणि पिण्याचं पाणी वाया जातं. टायर आणि चौकट यांच्यात दोन्ही बाजूंना सहा-सात मिलिमीटर जागा असेल तर निभावतं. त्याहून कमी असेल तर पावसात क्रेतेत शिरूच नये. पाऊस थांबल्यावर ऊन आणि वारा असेल तर दोन-तीन तासांत वरचा थर कोरडा होऊ लागतो. बाहेर गावात कॉफी घेत थांबणं चालवण्यापेक्षा लवकर पोचवतं.

२०१०च्या जीरो द'इतालिया या इटलीच्या मोठ्या सायकल शर्यतीत मोन्ताल्चिनोचा टप्पा याच परिसरातल्या वाटांवर भर पावसात झाला. जगज्जेत्या केडल एव्हान्सने तो जिंकला तेव्हा त्याच्या जर्सीवरचे इंद्रधनुषी पट्टे चिखलामुळे धड ओळखू येत नव्हते. त्याच्या मागे गाडीत सुटे भाग होते. आपल्यामागे नसतात, म्हणून एक जादा हँगर, साखळीची जोडकडी, पंक्चरच्या रबरी दोऱ्या आणि एक हलकी ट्यूब जवळ हवी. ब्रेकच्या रेझिनच्या पट्ट्या ओल्या मातीत झपाट्याने झिजतात. हवामान खराब दिसत असेल तर धातूमिश्रित पट्ट्या लावून निघावं. साखळीला कोरडं वंगण लावावं, नाहीतर धूळ तेलात मिसळून कानसेचं काम करते.

मेंढ्यांच्या कळपाबरोबर मारेम्मा जातीची मोठी पांढरी कुत्री असतात. ती राखणदार आहेत, पाठलागाची हौस म्हणून भुंकत नाहीत. त्यांना फक्त कळपापासून अंतर हवं असतं. वेग वाढवून पळू नये. उतरावं, सायकल मध्ये ठेवावी, शांत आवाजात बोलत चालत पुढे जावं. मेंढपाळाने दुरून एक शीळ घातली आणि दोन्ही कुत्री वळली.

ब्वॉनकोन्वेन्तोच्या विटांच्या तटाआड सातवा हेन्री, पवित्र रोमन सम्राट, १३१३ साली वारला. आज तिथली खरी सोय म्हणजे रेल्वे स्थानक. आशानोलाही आहे. पाऊस ठाण मांडून बसला तर या दोन ठिकाणांहून सिएना गाठता येतं. प्रादेशिक गाड्यांत सायकलचं चिन्ह असलेला डबा शोधायचा. सायकलचं वेगळं तिकीट साडेतीन युरोंचं.

दिवस चौथा: आशानो ते गायोले

रात्रभर वारा होता, सकाळी वाट कोरडी. मोन्ते सान्ते मारीए, ११.५ किलोमीटर. फाबियान कान्चेल्लाराने २००८, २०१२ आणि २०१६ अशी तीनदा स्त्रादे बियांके जिंकली, म्हणून हा तुकडा त्याच्या नावाने ओळखतात. वाट टेकडीच्या कण्यावरून जाते, त्यामुळे उतार संपतो तोच चढ उभा असतो. चढाच्या आधी गियर बदलून घ्यावा, चढात ताणाखाली बदलू नये. उतारांवर गाड्यांच्या ब्रेकमुळे पन्हाळीच्या पत्र्यासारखे आडवे उंचवटे पडलेले असतात. त्यांवर हँडल घट्ट धरलं की हात बधिर होतात आणि सायकल उड्या मारते. पेडल सपाट, गुडघे सैल, बोटं ब्रेकवर आणि तळवे हलके. असा एक उतार झाला की बाटलीच्या पिंजऱ्याचे स्क्रू तपासावेत. सर्वांत आधी तेच सैल होतात.

कास्तेल्नुओवो बेरार्देंगाला बारच्या ओट्यावर चार म्हातारे पत्ते खेळत होते. सायकलीवरचा राखाडी चिखल पाहून एकाने हाताने क्रेतेची दिशा दाखवली आणि मान हलवली. काल तिकडे काय झालं असेल हे त्याला सांगावं लागलं नाही. इथून पश्चिमेला मोन्तापेर्तीचं रणांगण आहे, जिथे ४ सप्टेंबर १२६० रोजी सिएनाने फ्लोरेन्सचा पराभव केला. पायांत जोर उरला असेल त्यांनी सिएनाच्या बाजूला वळून कोल्ले पिन्सुतो आणि ले तोल्फे हे शर्यतीतले शेवटचे दोन खडीचे चढ पाहावेत. पहिला कमाल १५ टक्के, दुसरा १८. मार्गावर ते येत नाहीत, त्यामुळे सोडले तरी चालतं.

वाल्यालीकडे चढताना वाटेचा रंग पुन्हा पांढरा झाला आणि द्राक्षं परत आली. वेलींच्या ओळी, मध्ये ऑलिव्ह, वर ओकची झाडी. ५३० मीटरवरच्या रादाला शेवटचा मोठा चढ संपतो. १९२४ साली काळ्या कोंबड्याचं चिन्ह घेऊन ३३ उत्पादक एकत्र आले ते याच गावात. तिथून पुढे गायोले.

परतल्यावर सायकल खोक्यात भरण्याआधी धुवावी लागते. जोराच्या फवाऱ्याने नाही, त्याने बेअरिंगमध्ये पाणी शिरतं. बादली आणि ब्रश पुरतो. किआंतीची पांढरी धूळ पहिल्या तांब्यातच वाहून जाते. क्रेतेची माती मात्र मागच्या बेचक्यात सिमेंटसारखी धरून बसलेली असते. ती दहा मिनिटं ओल्या फडक्याने झाकून ठेवावी आणि मग काडीने सोडवावी.